बाईंची तार आणि मंजूर झालेलं सूप

आजच्या समारंभाचे आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष, माननीय साहेब. दुसरा एक कार्यक्रम अर्धवट टाकून इथं वेळेआधी पोहोचण्याचा चमत्कार करणाऱ्या प्रमुख पाहुण्या. संस्थेचे चिटणीस, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सन्माननीय सदस्य. आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे या सभागृहाच्या व्यवस्थापक, आपल्या सगळ्यांच्या बाई. बाईंचे सासरे, आपले टेलर मास्तर. पुढच्या रांगेतले माझे कमी ऐकू येणारे मित्र-मैत्रिणी. आणि मागच्या रांगांतल्या, उत्तम ऐकू येणाऱ्या पण लक्ष नसणाऱ्या बंधू-भगिनींनो,

मी बसस्थानकावर उद्घोषक होतो. गाडी कुठल्या फलाटावर लागते, का उशिरा येते, हे लोकांना सांगण्यात माझा जन्म गेला. त्यातलं लोकांना काय कळलं असेल ते एक भोंग्यालाच ठाऊक. कारण मी घोषणा संपवली की लगेच खिडकीपाशी गर्दी व्हायची, "साहेब, आत्ता काय म्हणालात?" निवृत्त झालो आणि माझे कान गेले. आता मीच सगळ्यांना विचारतो, "आत्ता काय म्हणालात?" नियतीला विनोदाची जाण नाही असं कोण म्हणतं?

पहिल्या रांगेतून सौभाग्यवती हात खाली-वर करतायत. म्हणजे माझा आवाज चढलाय. उतरवतो.

बाईंच्या कार्याचा आढावा घ्यावा अशी मला सूचना आहे. आढावा म्हटलं की लोक घड्याळ बघतात. म्हणून मी फक्त तारेची गोष्ट सांगणार आहे. अध्यक्षांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "सगळं सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि मला तुमच्यासारखं थोडक्यात जमत नाही."

गोष्टीची सुरुवात झाली मास्तरांपासून. बाईंच्या यजमानांची नोकरी बोटीवरची, घरी कमी आणि पाण्यावर जास्त. त्यामुळे घरात सासरे आणि सून दोघंच. मास्तरांचं दुकान बंद झालं तसे ते रोज संध्याकाळी सुनेबरोबर सभागृहावर यायचे आणि पुढच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायचे. ऐकू येत नव्हतं, पण माणूस शिवणकामातला, माप घेण्यात तरबेज. शेजारच्याचा खांदा हलला की हे हसायचे, शेजारच्यानं हात उचलले की हे टाळ्या वाजवायचे. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

मग एक शोकसभा झाली. गावातले एक मोठे वकील गेले होते. मास्तरांच्या शेजारी वकिलांचे मेहुणे बसले होते. त्यांना हुंदका आवरेना. तोंडावर रुमाल, खांदे गदागदा हलतायत. मास्तरांनी माप घेतलं आणि ते खो खो हसले. मेहुणे हुंदका गिळून त्यांच्याकडे बघायला लागले. खांदे थांबले, म्हणजे विनोद संपला. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

आज आपण हसतोय, मास्तरही हसतायत. पण त्या दिवसानंतर ते घराबाहेर पडले नाहीत. दार लावून मशीनवर बसायचे आणि जुन्या चादरींच्या उशा शिवायचे. बाई सांगत होत्या, घरात उशाच उशा झाल्या, बसायला जागा राहिली नाही.

त्याच सुमारास बाईंच्या वाचनात लूपची माहिती आली. मागच्या रांगांसाठी सांगतो. सभागृहाच्या कडेकडेनं जमिनीलगत एक तार फिरवतात. माईकमध्ये बोललेलं त्या तारेतून आमच्या कानातल्या यंत्रात थेट येतं. यंत्राला एक बटण असतं, ते 'टी'वर न्यायचं. मग खुर्च्यांची करकर, खोकला, शेजारणीची भाजी काय केली ते सगळं बंद. फक्त बोलणारा माणूस, जणू कानाशी वाकून बोलतोय. यापलीकडे मला कळत नाही आणि कळायची गरजही पडली नाही.

बाईंनी कार्यकारिणीपुढे विषय मांडला. "सभागृहात लूप बसवायला परवानगी मिळावी."

अध्यक्ष म्हणाले, "सूप? उत्तम! मध्यंतरात लोकांना बरं वाटेल. मंजूर."

अध्यक्षांनी विनोद केला असं समजून सगळे आदरानं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी 'मंजूर' एवढा एकच शब्द उचलला आणि कुणी तो परत मागायच्या आत खोलीबाहेर पडल्या.

आता, अध्यक्षांना ऐकू येत नाही हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? कुणालाच नाही. त्यांना फार कमी बोलणारा, विचारी माणूस म्हणून सारे ओळखत. कुणी काही विचारलं की ते डोळे मिटून म्हणायचे, "योग्य तो निर्णय घ्या." अशा माणसाला कुठली संस्था सोडेल?

तारेचं काम सुरू झालं. गालिचे उचलले, तार फिरली, दाराशी पाटी लागली. पाटीवर कानाचं चित्र आणि त्याखाली ठळक इंग्रजी टी. दुसऱ्या दिवसापासून तिकीट खिडकीशी रांग. एक जण विचारतोय, "कानाचे डॉक्टर कधी बसतात?" एक आई मुलीला घेऊन आली, "कान टोचून मिळतील ना?" आणि उरलेल्या सगळ्यांना चहा हवा होता. अध्यक्षांनीही पाटी न्याहाळली आणि जरा नाराजीनं म्हणाले, "सूप ठरलं होतं. चहावर का आलात?"

बाई म्हणाल्या, "साहेब, काम चालू आहे."

उद्घाटन ठरलं. पण ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप ते मास्तर घराबाहेर पडायला तयार नाहीत. बाईंनी विनवलं, रागावून पाहिलं, नाही म्हणजे नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "बरं, तुम्ही नका येऊ. फीत कापायला तुमची कात्री तेवढी नेते."

ज्यांच्या घरात शिंप्याची कात्री आहे त्यांना मी काय सांगू? त्या कात्रीनं कागद कापला तरी घरात दोन दिवस अबोला असतो. मास्तर उठले, सदरा बदलला, बाईंनी आणून ठेवलेलं यंत्र कानात घातलं आणि म्हणाले, "कात्री एकटी कुठं जात नाही."

असे मास्तर परत आले. कात्री मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बसले.

दाराला फीत बांधली होती. फीत मधे झोळ खात होती म्हणून सजावटवाल्यानं तिला आधाराला, चौकटीवरून जाणारी एक तार घेऊन ती तिच्याभोवती गुंडाळली. कुठली तार, हे त्यानं विचारलं नाही. त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे आले. आजच्या पाहुण्यांचा याच्याशी काही संबंध नाही, त्यांनी निश्चिंत असावं. पाहुण्यांनी कात्री घेतली. आम्ही पुढच्या रांगेत बटणं टीवर नेऊन बसलेले. निवेदिकेचा आवाज माझ्या कानात असा आला, असा आला... काय सांगू तुम्हाला! "आणि आता आपण ज्या क्षणाची वाट पाहत होतो..." आणि कच्च. शांतता.

फीत कापली, तार कापली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणे. आम्हाला तो दिसला.

ज्या यंत्रणेचं उद्घाटन होतं ती उद्घाटनानंच बंद पडली, हे फक्त ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांनाच कळलं. आणि आम्ही काय केलं? सवयीनं टाळ्या वाजवल्या! मास्तर मात्र उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, आता हे तारेबद्दल बोलणार. ते तरातरा दाराशी गेले, पाहुण्यांच्या हातातून कात्री काढून घेतली, पातं डोळ्यांजवळ धरलं आणि ओरडले, "कापडाची कात्री तारेवर चालवली! कुणी शिकवलं तुम्हाला?"

बाई स्टेजवरून धावत आल्या. हात जोडून पाहुण्यांची माफी मागितली, आणि मग खाली मान घालून तारेची दोन टोकं एकमेकांना जोडत बसल्या. पाहुण्यांचं भाषण संपत आलं तेव्हा तार बोलायला लागली. मास्तर जागेवर येऊन बसले होते. त्यांनी मान वर केली. कात्री मांडीवरून घसरून खाली पडली, ती त्यांनी उचललीसुद्धा नाही.

इथून पुढं सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण तारेचा एक स्वभाव आमच्या ध्यानात यायचा होता. भोंगे बंद केले तरी माईक चालू असला की तार बोलतच राहते. म्हणजे वक्ता बोलत असताना स्टेजवरच्या टेबलावरचे माईक भोंग्यांपुरते बंद असत. मागच्या रांगांना काही ऐकू येत नसे. आम्हाला सगळं येई.

मधमाश्यांवरचं ते व्याख्यान आठवतं? व्याख्याते सांगत होते, एका रात्रीत सगळं पोळं कसं मेलं. सभागृह सुन्न. तेवढ्यात आमच्या कानात चिटणीस साहेब खजिनदारांना म्हणाले, "हा बाबा थांबणार कधी? माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

आख्खी पुढची रांग हसली. आमच्यातल्या निवृत्त परिचारिका तर उभ्या राहून म्हणाल्या, "चिटणीस साहेब, बूट काढा आणि बोटं हलवा!"

चिटणीस साहेबांनी घाबरून बूट काढले. व्याख्याते बघत राहिले.

हळूहळू मागच्या लोकांत असा समज पसरला की पुढची रांग फार जाणकार आहे, तिला बारीक विनोद कळतात. आम्ही हसलो की मागचे हसायला लागले. मास्तरांनी एकदा मागं वळून पाहिलं आणि मला कोपरानं ढोसलं. "बघ, आता ते आपलं माप घेतायत."

मग कुणीतरी खरं काय ते बाहेर फोडलं. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांच्यासाठी बाईंनी खिडकीत तारेचा आवाज पकडणारे हेडफोन ठेवले होते. त्यावर उड्या पडल्या. धडधाकट तरुण माणसं खिडकीशी येऊन कानामागे हात धरून म्हणायची, "बाई, मला पण जरा कमी येतं हो." चिटणीस साहेबांना झोप लागेना. त्यांचा स्वभाव वाईट नाही, हे मी इथं मुद्दाम सांगतो, ते समोरच बसलेत. पण त्यांनी ठराव आणला: तार काढून टाकावी, आणि व्यवस्थापक बाईंची बदली मोडक्या खुर्च्यांच्या गोदामावर करावी.

बैठक गुप्त होती. कार्यकारिणीच्या खोलीला रंग चालू होता, म्हणून ती इथंच, या स्टेजवर भरली. दारं बंद. भोंगे बंद. बाई बाहेर बाकावर बसलेल्या. सगळी काळजी घेतली होती. फक्त ध्वनिमुद्रणासाठी माईक चालू होते, आणि या सभागृहाच्या बरोबर खाली वाचनालय आहे.

तारेचा आवाज भिंतीशी थांबत नाही, वर-खाली झिरपतो. आम्ही मंडळी खाली पेपर वाचत बसलो होतो. परिचारिकाबाई, मी, मास्तर, आणखी दोघं-तिघं. बटणं टीवर, कारण वाचनालयात टीवर ठेवलं की डोक्याला शांतता मिळते. आणि अचानक माझ्या कानात चिटणीस साहेब म्हणाले, "गोदामाला खिडकी नाही, पण त्यांना कुठं हवा लागते?"

मी पेपर खाली केला. समोर मास्तरांनीही पेपर खाली केला होता.

"माझ्या सुनेला?" मास्तर गरजले.

"काय माणूस आहे!" परिचारिकाबाई गरजल्या.

आम्ही सगळेच गरजत होतो. ग्रंथपाल धावत आल्या, तोंडावर बोट ठेवून काहीतरी बोलत होत्या, 'शांतता राखा'ची पाटी हातात घेऊन हलवत होत्या. बटणं टीवर, आम्हाला त्यांचं काय ऐकू येणार? मला वाटलं, त्याही चिडल्यात आणि आमच्याबरोबर मोर्चाला निघाल्यात. पाटी हातात होतीच. अशा रीतीनं आम्ही जिना चढलो, आणि सगळ्यात पुढं 'शांतता राखा'.

दार उघडून मास्तर आत शिरले आणि थेट ठरावाच्या दुसऱ्या मुद्द्याला उत्तर द्यायला लागले. कार्यकारिणीची तोंडं अजून माझ्या डोळ्यांपुढं आहेत.

अध्यक्षांनी विचारलं, "ही मंडळी काय म्हणतायत?"

चिटणीस म्हणाले, "ठरावाला पाठिंबा द्यायला आलेत, साहेब."

अध्यक्षांनी डोळे मिटले. "योग्य तो निर्णय घ्या."

मास्तर थबकले. ते अध्यक्षांकडे बघत राहिले. त्या मिटलेल्या डोळ्यांकडे, त्या किंचित हललेल्या मानेकडे. मग स्टेजवर चढून ते त्यांच्या खुर्चीपाशी गेले, खाली वाकले आणि तोंड अगदी समोर आणून म्हणाले, "साहेब, तुम्हाला ऐकू येत नाही. मला पण येत नाही. मी असंच करायचो."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला. त्यांनी हळूच विचारलं, "कधीपासून कळलंय तुम्हाला?"

"आत्ता. मान हलवलीत तेव्हा."

बाई बाहेरून हेडफोन घेऊन आल्या. त्यांनी तो अध्यक्षांच्या डोक्यावर चढवला, माईकपाशी गेल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, लूप काढून टाकायचा ठराव आहे."

अध्यक्ष दचकून खुर्चीत सरळ झाले. "लूप? सूप नव्हे?"

"नाही, साहेब. सूप कधीच नव्हतं."

त्यांना किती तरी वर्षांनी सगळं ऐकू येत होतं. खजिनदारांचा श्वास, कुणाच्या तरी खिशातल्या गोळीचा कागद. त्यांनी आज्ञा केली, मी मंजूर केलेलं सगळं मला वाचून दाखवा. एकेक बाहेर आलं. हा माझ्या मागचा पडदा बघा, अर्धा निळा, अर्धा तपकिरी. अध्यक्षांना विचारलं होतं, निळा की तपकिरी? ते म्हणाले होते, "हो." आणि मग खजिनदार चाचरत म्हणाले, "साहेब, गेल्या वर्षी आपण राजीनामाही दिलात."

"मी?"

"चिटणीसांनी विचारलं, आता विश्रांती घ्यायचा विचार आहे का. आपण म्हणालात, उत्तम कल्पना, आभारी आहे."

"मग?"

"मग पुढच्या बैठकीला आपण सगळ्यांच्या आधी येऊन खुर्चीत बसलात. कसं सांगणार?"

अध्यक्ष इतके हसले की हेडफोन निसटला आणि त्यांना स्वतःचं हसू अर्धंच ऐकू आलं. हसू ओसरल्यावर त्यांनी चिटणिसांना माईकपाशी बोलावलं. "तार का नको, ते एका वाक्यात सांगा."

चिटणीस साहेबांनी खरं ते सांगितलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. ते म्हणाले, "साहेब, मला मेलं हळू बोलायला जागाच राहिली नाही."

परिचारिकाबाई स्टेजखालून म्हणाल्या, "मग गप्प बसा थोडे दिवस. आम्ही इतकी वर्षं तेच केलं."

ठराव बारगळला. बाईंची बदली रद्द झाली. अध्यक्ष राजीनामा मागं घेऊन हेडफोनसकट घरी गेले. घरी तार नाही, त्यामुळे त्यात काहीच ऐकू येईना. वहिनी म्हणाल्या, "मला काही फरक जाणवला नाही." पुढच्याच आठवड्यात अध्यक्षांनी यंत्र घेतलं. आज त्यांच्या कानात आहे, आणि मी किती वेळ बोलतोय ते त्यांना पूर्ण ऐकू येतंय. म्हणून आवरतं घेतो.

पण एक गोष्ट राहिली. ही सांगायला मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगा, पण ओरडू नका."

या सगळ्यानंतर एका दुपारी मी लवकर आलो होतो. सभागृह रिकामं, अर्धे दिवे बंद. मास्तर पुढं बसलेले. बाई स्टेजवर, माईकसमोर, खुर्चीवर. भोंगे बंद. मी मागच्या दारात उभा, बटण टीवर. बाई साध्या आवाजात बोलत होत्या. गॅस संपत आलाय. यांचा फोन आला होता, बोट उशिरा पोहोचतेय. शेजारच्यांचं मांजर व्यालंय. मला कळेना, हे घरी का नाही बोलत? मग लक्षात आलं. घरी ओरडून बोलावं लागतं. "जेवायला चला" ओरडता येतं. "गोळी घेतली का" ओरडता येतं. मांजर व्यालंय हे कुणी ओरडून सांगत नाही. म्हणून ते राहून जातं.

मास्तर खालून म्हणाले, तेही माईकनं पकडलं, "तू दमतेस का गं?"

बाई माईकमध्ये म्हणाल्या, "दमते, बाबा. रोज दमते."

मास्तर म्हणाले, "कधी बोलली नाहीस."

"ओरडून कसं सांगायचं?"

मी बटण फिरवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. त्यापुढचं मला ठाऊक नाही.

तर बाई, आज तुम्ही निवृत्त होताय, उद्यापासून तुम्ही इथं येणार नाही. माईक इथंच राहणार. म्हणून पुढच्या रांगेतल्या आम्ही सगळ्यांनी मिळून तुमच्यासाठी भेट आणली आहे. शाल नाही, श्रीफळ नाही. घरच्या बैठकीच्या खोलीभोवती फिरवायची तार आहे, आणि दोन लहान माईक. एक स्वयंपाकघरासाठी, एक जिथं तुम्ही पाय वर करून बसाल तिथं. मास्तरांना आम्ही आधी विचारलं होतं. त्यांनी एकच अट घातली, बंद करायचं बटण त्यांच्या खुर्चीपाशी हवं. मी बाईंना तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, "चालेल. पण स्वयंपाकघरातून काय बोलले ते बटण दाबल्यावर कळणार नाही, आणि मी जेवण वाढल्याचंही तिथूनच सांगणार आहे." मास्तरांनी बटणाची अट मागं घेतली आहे.

संस्थेनं मला बोलायला उभं केलं, अध्यक्षांनी मला अडवलं नाही, चिटणीस साहेबांनी सगळं हसून सोसलं, तुम्ही खुर्च्या सोडल्या नाहीत, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. बोलता बोलता कुणाच्या वर्मी लागलं असेल तर म्हाताऱ्याची जीभ घसरली म्हणून पोटात घाला. आणि चुकून कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल तर त्यांनी इथल्या इथं हळू आवाजात कुरकूर करावी. पुढच्या रांगेपर्यंत ती पोहोचेल.